नॅनोव्हीएनए एच-४: घेऊन आठ महिने झाले

जळगावात माझ्या गच्चीवर हॅम रेडिओची १४५ मेगाहर्ट्झची ॲन्टेना, खोलीत २५ वॅटचा रिग (रेडिओ संच) आणि मध्ये १५ मीटर आरजी-५८ जातीची केबल. रिगजवळचा मीटर एसडब्ल्यूआर १.५ दाखवायचा (पॉवर किती परत येते त्याचा हा आकडा; १ म्हणजे काहीच परत नाही), म्हणून मी निर्धास्त. अमळनेरच्या मित्राचं मात्र रोज एकच: "काय म्हनी राह्यना भाऊ, काहीच समजत नही."

शेवटी ॲन्टेना आणि केबल तपासणारं हे चार इंची पडद्याचं यंत्र, एच-४, घेतलं. पहिल्याच सकाळी वर नेऊन थेट ॲन्टेनाला लावलं, तर एसडब्ल्यूआर ३! मग केबल दोन्हीकडून सोडवली, वरचं टोक मोकळं ठेवून खालून रिटर्न लॉस (पाठवलेला सिग्नल परत येताना किती घटला ते) घेतला. ८ डीबी. सिग्नल जाऊन परत येतो, म्हणून एका फेरीचा लॉस निम्मा, ४ डीबी. चांगल्या आरजी-५८ चा एवढ्या लांबीत ३ च्या आसपास असतो. वरचा कनेक्टर कापला, तर जाळीचं तांबं काळंठिक्कर. पाणी शिरलं होतं.

वहीत हिशेब मांडला. ४ डीबी म्हणजे पॉवर २.५१ पटीने कमी. एसडब्ल्यूआर ३ असताना परावर्तन गुणांक (परत येणाऱ्या लाटेचं प्रमाण) ०.५, वर्ग ०.२५.
(२.५१ × २.५१ − ०.२५) ÷ (२.५१ × ०.७५) = ३.२

म्हणजे पॉवर एकूण ३.२ पटीने घटत होती, केबलमध्ये शिरलेल्या २५ वॅटपैकी ॲन्टेनाला जेमतेम ८ मिळत होते! एसडब्ल्यूआर ३ म्हणजे २५ टक्के पॉवर वाया, असं पुष्कळ जण धरून चालतात. तसं नसतं. एकूण ५ डीबीतले ४ केबलचेच होते, मिसमॅचने (ॲन्टेना नीट न जुळल्याने) वर १ घातला. आणि परतणारी पॉवर वाटेत केबलने खाल्ली, म्हणूनच खाली १.५ दिसत होतं. त्या आकड्यावर मी दोन वर्षं विसंबलो, याचं आजही वाईट वाटतं.

ॲन्टेना कापून जुळवली, आरजी-२१३ ही जाड केबल ओढली. आता एका फेरीला १.४ डीबी, वर ॲन्टेनाला १८ वॅट.

यंत्राचे कनेक्टर नाजूक आहेत, ॲडाप्टर लागतोच. ओपन, शॉर्ट, लोड या तीन टोप्या लावून करायचं कॅलिब्रेशन त्या ॲडाप्टरच्या टोकाला करा. आपल्याकडच्या मे महिन्यात नऊनंतर गच्चीवर पडदा वाचता येत नाही, मी सहालाच चढतो. आणि हे जोडलेलं असताना चुकूनही रिगचं बोलायचं बटण दाबू नका, जळेल. मी आधी रिगची वायर काढून ठेवतो, मगच केबलला हात लावतो.