डेटाबेसचे टाइमआउट: आंबियापासून मृगापर्यंत वापरून पाहिल्यावर

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या अडत्यांचं हिशोबाचं ॲप आमची छोटी टीम सांभाळते. जावाचं स्प्रिंग बूट (ॲपचा सांगाडा), हिकारीचा कनेक्शन पूल (डेटाबेसची आधीच उघडून ठेवलेली कनेक्शनं) आणि पोस्टग्रेस १६ हा डेटाबेस. ऑफिस परसोडीच्या आयटी पार्कजवळ, डेटाबेस मुंबईत क्लाउडवर. आंबिया बहाराची संत्री यायच्या आधी टाइमआउटची, म्हणजे कुठे किती वेळ वाट पाहून सोडून द्यायचं याची, मांडणी नव्याने केली, आणि आता त्यानंतरच्या मृग बहाराचा मालही उतरणीला लागलाय. तेव्हा काय टिकलं नि काय डोक्याला ताप झालं, ते लिहून टाकतो.

आधी ॲपमध्ये टाइमआउट जवळपास नव्हतेच. पोस्टग्रेसचा स्टेटमेंट टाइमआउट मुळात ० असतो, म्हणजे क्वेरी (डेटाबेसला दिलेलं काम) हवा तितका वेळ चालू शकते. जेडीबीसी ड्रायव्हरचा (जावा ॲपला डेटाबेसशी जोडणारा दुवा) सॉकेट टाइमआउट, म्हणजे नेटवर्कवरून उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा, तोही ०. हिकारी मात्र पूलमधून कनेक्शन मिळायची ३० सेकंद वाट पाहतो. लिलाव संपून पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाचे हिशोब) काढायची झुंबड उडाली की मुनीमजींचा फोन ठरलेला: "साहेब, हे नुसतं फिरूनच राहिलं." काउंटरवर शेतकरी उभा असताना ३० सेकंद फार असतात. ते आम्ही ३ वर आणले. त्याने ॲप वेगवान झालं नाही, पण पूल कधी रिकामा होतो ते लॉगमध्ये लगेच दिसू लागलं. असं दिसलं की पूलचा आकार वाढवायचा मोह होतो, तो टाळा. बहुतेक वेळा कोणीतरी कनेक्शन धरून बसलेलं असतं.

आणि खरी गोम इथेच आहे. ॲपने वाट पाहणं सोडलं म्हणून डेटाबेसमधली क्वेरी थांबत नाही. सॉकेट टाइमआउटने कनेक्शन तोडलं तरी ती क्वेरी पलीकडे सीपीयू खात राहू शकते. इकडे वैतागलेला माणूस पुन्हा बटण दाबतो आणि तीच क्वेरी दुसऱ्यांदा सुरू. म्हणून आधी डेटाबेसने हात टेकले पाहिजेत, मग ड्रायव्हरने, शेवटी ॲपसमोर उभ्या असलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरने. आमच्याकडे स्टेटमेंट टाइमआउट ५ सेकंद, सॉकेट टाइमआउट १०, आणि एनजिनएक्सचे मूळचे ६० होते तसेच राहू दिले. ही उतरंड उलटी लागली तर प्रत्येक आकडा सुटा बघताना बरोबर वाटतो नि एकत्र मिळून घोळ घालतो.

कोडमध्ये प्रत्येक क्वेरीला टाइमआउट देण्याची सोय आहे, तीही वापरली. जावाचा ड्रायव्हर त्यासाठी स्वतःकडे घड्याळ लावतो आणि वेळ संपली की वेगळं कनेक्शन उघडून रद्द करण्याची विनंती पाठवतो. नेटवर्कच गेलं असेल तर ती विनंती पोचणार कशी? त्यामुळे भरवसा ठेवला तो रोलवर, म्हणजे डेटाबेसमधल्या लॉगिनवर. वेब, रिपोर्ट आणि मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणं) असे तीन रोल केले, प्रत्येकाची मर्यादा वेगळी. महिन्याच्या रिपोर्टला २ मिनिटं लागली तर लागू देत. एकच आकडा सगळ्या सर्व्हरला लावणं मला पटत नाही, पोस्टग्रेसचं मॅन्युअलही ते करू नका म्हणतं. एक लक्षात ठेवा: रोलवरचा बदल फक्त नव्या सेशनला (नव्याने जोडलेल्या कनेक्शनला) लागतो. हिकारी कनेक्शन मूळ सेटिंगने ३० मिनिटांपर्यंत जिवंत ठेवतो, त्यामुळे "बदललं तरी फरक नाही" म्हणून लगेच ओरडू नका.

सगळ्यात जास्त कामाला आला तो ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के होणारे बदल) उघडून नुसत्या बसलेल्या सेशनचा टाइमआउट. हा पोस्टग्रेसमध्ये ९.६ पासून आहे, तरी फार कमी जण लावतात. आमच्या कोडमध्ये एका जागी ट्रान्झॅक्शन उघडं ठेवूनच एसएमएसच्या गेटवेला कॉल जात होता. गेटवे रेंगाळला की पट्टीच्या ओळींवरचं लॉक तसंच, आणि मागे रांग. त्यात क्वेरी चालू नसल्यामुळे स्टेटमेंट टाइमआउटला काही दिसतच नाही. १५ सेकंदांची मर्यादा लावल्यावर ती जागा स्वतःहून उघडी पडली आणि कॉल कमिटनंतर (बदल पक्के झाल्यावर) हलवला. हा टाइमआउट नुसती क्वेरी नव्हे, पूर्ण सेशनच मारतो, त्यामुळे एरर कोडमध्ये पुढच्या क्वेरीवर येते आणि पहिल्यांदा शोधणारा चुकीच्या ओळीकडे बघत बसतो.

मायग्रेशनच्या रोलला लॉक टाइमआउट (लॉकसाठी थांबायची मर्यादा) ३ सेकंद. टेबल बदलणारी कमांड एखाद्या लांब रिपोर्टमागे अडकली की तिच्यामागे नुसतं वाचणाऱ्या साध्या सिलेक्ट क्वेरीसुद्धा तुंबतात. आता ती मुकाट्याने फेल होते, आम्ही दुपारी पुन्हा चालवतो.

तक्रार करायची तर एककांची. हिकारी मिलिसेकंदात, ड्रायव्हर सेकंदात, स्प्रिंगचं ट्रान्झॅक्शन सेकंदात, आणि पोस्टग्रेसला एकक दिलं नाही तर पुन्हा मिलिसेकंद. पोस्टग्रेसमध्ये आकड्यासोबत एकक लिहिता येतं, ते लिहाच. बाकीच्यांसाठी व्हेरिएबलच्या नावातच एकक घालण्याचा नियम केलाय. दिसायला भिकार, पण रिव्ह्यू करताना जीव वाचतो.

आणखी एक: कमिटच्या वेळी कनेक्शन तुटलं तर पट्टी जतन झाली की नाही, ॲपला कळत नाही. तिथे डोळे झाकून पुन्हा प्रयत्न करणारा कोड घातला तर पट्टी दोनदा निघेल. आम्ही प्रत्येक पट्टीला ॲपकडूनच युनिक की देतो, दुसरी एंट्री डेटाबेसच नाकारतो.

एक भोक मात्र उरलंय. लूपमध्ये शेकडो बारीक क्वेरी मारणारं ट्रान्झॅक्शन या कुठल्याच मर्यादेत सापडत नाही, कारण प्रत्येक क्वेरी आपापली लवकर संपते. पूर्ण ट्रान्झॅक्शनचा टाइमआउट २०२४ च्या पोस्टग्रेस १७ मध्ये आला. हंगाम चालू असताना अपग्रेडला कोणी हात लावू देणार नाही, म्हणून ते काम मृगाचा माल संपल्यावर.