पारी/जीपी: मोठ्या संख्यांचे अवयव पाडताना आलेला अनुभव

मोठ्या पूर्णांकांचं काम एक्सेलवर होत नाही. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा करायला सांगा, १४७५७३९५२५८९६७६०००००० असं उत्तर येतं. पंधरा अंकांनंतर सगळी शून्यं! खरी संख्या विषम आहे, इथे ती सम झाली. अवयव पाडायचे असतील तर असं उत्तर कुचकामी. पारी/जीपी तीच संख्या पूर्ण देतं: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. फ्रान्सच्या बोर्दो विद्यापीठात सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. गेले काही महिने मी ते जवळजवळ रोज वापरतोय, आणि आता त्याच्याशिवाय करमत नाही.

फ्रेंच गणितज्ञ मर्सेननं १६४४ मध्ये वरची संख्या मूळ (१ आणि स्वतःशिवाय कशानेही भाग न जाणारी) असल्याचं म्हटलं होतं. लुकासनं १८७६ मध्ये ती संयुक्त असल्याचं दाखवलं, पण अवयव त्याच्याही हाती लागले नव्हते. ते फ्रँक नेल्सन कोलनं १९०३ मध्ये मांडले. जीपीत ‘फॅक्टर’ कमांड दिली की पापणी लवायच्या आत दोन्ही समोर येतात: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते. पहिल्या अवयवातून १ वजा करून १३४ ने भागा, बरोबर १४४५५८० येतात. दुसऱ्यालाही असाच नि:शेष भाग जातो, ५६८५३६०१२९. हा योगायोग नाही. ‘झेडएनऑर्डर’ कमांडला विचारा की २ च्या कितव्या घाताला या अवयवाने भागल्यावर बाकी पहिल्यांदा १ उरते. उत्तर येतं ६७. फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की अवयव विषम मूळ संख्या असेल, तर २ च्या ‘अवयव वजा १’ इतक्या घाताला त्याने भागल्यावर बाकी १ उरते. त्यामुळे अवयव वजा १ ला ६७ ने भाग जायलाच हवा, आणि अवयव विषम असल्याने २ नेही. म्हणून १३४. हे प्रमेय मी पूर्वी नुसतं वाचलं होतं. इतक्या मोठ्या संख्येत ते काम करताना बघणं फार आनंदाचं होतं.

मुलांना दाखवायला देवळालीचे गणितज्ञ कापरेकर यांची डेम्लो संख्या (नुसत्या एकांच्या संख्येचा वर्ग) छान: १२३४५६७८९८७६५४३२१. ‘फॅक्टर’ दोन रकान्यांत उत्तर देतं. डावीकडे ३, ३७, ३३३६६७. उजवीकडे घात ४, २, २. सगळे घात सम, म्हणजे पूर्ण वर्ग. वर्गमूळ काढलं की नऊ एकं!

आता खटकलेल्या गोष्टी. मेमरी सुरुवातीला कमी ठरवलेली असते, त्यामुळे जड गणित मध्येच थांबतं. ‘अलोकेटमेम’ने ती वाढवून घ्यावी. मदतीची पानं अगदी त्रोटक, नवख्याला जड जातील अशी. आणि एक महत्त्वाचं: ‘फॅक्टर’नं दिलेला फार मोठा अवयव मूळ असल्याची सिद्धता आपोआप होत नाही, तो फक्त एका कडक चाचणीतून पार झालेला असतो. त्या चाचणीला फसवणारी संयुक्त संख्या आजवर कुणाला सापडलेली नाही, तरी सिद्धता हवी असेल तर ‘इजप्राइम’ चालवावं.

मर्यादाही लक्षात घ्या. २ चा १०६१ वा घात वजा १, ही ३२० अंकी संख्या. मूळ आहे का विचारलं तर ‘नाही’ असं उत्तर लगेच मिळतं. तिचे अवयव मात्र २०१२ मध्ये, पुष्कळ संगणक एकत्र राबवून सापडले. घरच्या लॅपटॉपवर ‘फॅक्टर’ लावून त्यांची वाट बघत बसू नका.