जुन्या पेपरांच्या फाइली बघायच्यात तर इथे जा (मी समाजवादी काँग्रेससाठी गेलो होतो)

संभाजीनगरातलं हे वाचनालय बहुतेकांना अभ्यासिकेमुळे माहितीये, स्पर्धा परीक्षावाली पोरं सकाळी सातपासून जागा धरून बसलेली असतात. पण वरच्या मजल्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइलींचा विभाग आहे, त्याच्याबद्दल कुणी लिहीतच नाही, म्हणून हा रिव्ह्यू फक्त त्या विभागाचा.

मला शोधायची होती शरद पवारांची समाजवादी काँग्रेस. म्हणजे तो पक्ष कसा उभा राहिला आणि डिसेंबर 1986 मध्ये इथेच, आपल्या औरंगाबादेत, राजीव गांधींच्या उपस्थितीत काँग्रेसमध्ये विलीन कसा झाला ते. नेटवर शोधलं की 78 ला बाहेर पडले, 86 ला परत गेले एवढंच येतं आणि पुढच्या ओळीत डायरेक्ट 99 चं राष्ट्रवादी सुरू होतं. मधली आठ वर्षं गायब. आता दर दोन वर्षांनी पक्ष फुटतायत, विलीन होतायत आणि सगळे म्हणतात असं आधी कधी झालंच नाही, तेव्हा निदान एक तरी फूट सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट वाचावी असं मला मनापासून वाटत होतं.

विभागातल्या मॅडम फार चांगल्या आहेत. विषय सांगितला तर त्यांनी 86 ची फाइल नाही काढली, आधी 78 च्या काढून दिल्या, म्हणाल्या इथून सुरू करा नाहीतर काही कळणार नाही. आणि खरंच तसंच आहे, कारण फेब्रुवारी 78 च्या विधानसभेला काँग्रेसच दोन होत्या. जनता पक्षाला 99 जागा, रेड्डी काँग्रेसला (ब्रह्मानंद रेड्डींची, पवार यातलेच) 69, इंदिरा काँग्रेसला 62, मग एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन्ही काँग्रेसनी मिळून सरकार केलं, वसंतदादा मुख्यमंत्री, तिरपुडे उपमुख्यमंत्री, आणि पवार काही आमदार घेऊन बाहेर पडले तसं ते जुलैत पडलं. 18 जुलैला पवार चाळिशीच्या आत मुख्यमंत्री, जनता पक्ष आणि शेकापला बरोबर घेऊन पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दल) सरकार. एक टिप देतो, इथे पक्षाचं नाव सांगून फाइल मागू नका, तारीख सांगा. कारण पवारांचा हाच गट पेपरात कधी स्वर्णसिंग काँग्रेस, कधी अर्स काँग्रेस, मग एस काँग्रेस (म्हणजेच समाजवादी) असा येत राहतो आणि आपल्याला वाटतं हा कुठला नवीन पक्ष.

80 ते 85 च्या फाइली बघताना मी सगळ्यात जास्त वेळ बसलो. 17 फेब्रुवारी 1980 ला सरकार बरखास्त, त्याच वर्षीच्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेस 186 आणि पवारांचा पक्ष 47. त्यानंतर माणसं परत जायला लागली, खुद्द यशवंतराव चव्हाण इंदिरा गांधींकडे परत गेले. सत्ता नाही, गुरू गेला, सोबतचे गेले, तरी उरलेल्या लोकांनी चरखा चिन्हावर 85 ला 54 आमदार निवडून आणले. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लाट होती हे लक्षात घ्या, काँग्रेसला तेव्हासुद्धा 161 होत्या. मला विचाराल तर तो पक्ष खऱ्या अर्थाने पक्ष झाला तो 85 ला, 78 ला तो आमदारांचा एक गट होता.

आणि दीडएक वर्षात तो विलीन. पक्षांतरबंदी कायदा 85 लाच आला होता, दोन तृतीयांश आमदार असतील तर विलीनीकरण कायद्यात बसतं, त्यामुळे कागदावर सगळं ठीक. पण ज्यांनी 85 ला काँग्रेस नको म्हणून चरख्यावर शिक्का मारला त्यांना कुणी विचारलं? गावात, सोसायटीत, कारखान्यात आठ वर्षं ज्यांच्याशी भांडलो त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसा म्हणे. पवार जून 88 ला परत मुख्यमंत्री झाले, त्यांचं झालं. मला हे तेव्हाही चूक होतं असं वाटतं आणि आताही.

म्हणून 86 वर थांबू नका, पुढच्याही फाइली मागा. 88 च्या आपल्या महापालिका निवडणुकीत शिवसेना सगळ्यात मोठा पक्ष झाली. 85 ला विधानसभेत सेनेचा एकटा आमदार होता, 90 ला 52, आणि भाजप 16 वरून 42. सगळं काही विलीनीकरणामुळे झालं असं मी म्हणत नाही, बाकीची कारणं आहेतच, पण विरोधातली मोठी जागा मोकळी झाली होती हे आकडे बघून नाकारता येत नाही.

अजून एक गोष्ट मला माहीतच नव्हती, सगळा पक्ष काही विलीन झाला नाही. आसामचे माजी मुख्यमंत्री शरतचंद्र सिन्हा यांनी काँग्रेस एस चालूच ठेवली आणि 1999 ला ती राष्ट्रवादीत, म्हणजे परत पवारांकडेच आली. केरळात कडन्नप्पल्ली रामचंद्रन तर त्यानंतरही वेगळे राहिले, डाव्या आघाडीत मंत्रीही झाले.

आता सर्व्हिसबद्दल. फी नाममात्र आहे, सभासद असायची गरज नाही, ओळखपत्र न्या. झेरॉक्स देत नाहीत (पानं तुटतात, बरोबरच आहे) पण मोबाईलवर फोटो काढू देतात. दुपारी जेवणाची सुट्टी असते तेव्हा बाहेर काढतात, त्यामुळे सकाळीच जा. उजेड फार कमी आहे, खिडकीजवळचं टेबल धरा. काही महिन्यांच्या फाइलीच नाहीत आणि रजिस्टरमध्ये तशी नोंदही नाही, हे मला अजिबात आवडलं नाही, कारण माणूस लांबून येतो आणि अर्धा दिवस कपाटं शोधण्यात जातो. एक स्टार त्यासाठी कापला, पाचपैकी चार.

व्यवस्थापनाला एक विनंती, स्कॅनिंग सुरू करणार असाल तर 78 ते 90 आधी घ्या. 86 च्या फाइलीचं शिवणीकडचं टोक वाळवीने खायला सुरुवात केलीये.