काचेचा एकच खण: गल्फ, जेपीएस, माझदा की जॉर्डन?

भाच्याने ठाण्यात फ्लॅट घेतला. दिवाणखान्यातल्या कपाटाचा काचेचा एक खण बायकोशी बरीच घासाघीस करून त्याने स्वतःसाठी पदरात पाडून घेतला. रुंदी बारा इंच. म्हणजे १:१८ मापाचं एक मॉडेल आडवं बसेल, दुसऱ्याला जागा नाही. लगेच फोन आला, "मामा, रेसिंग कार घ्यायचीय. दिसायला सगळ्यात भारी. चार नावं काढलीत, एक सांग."

चार नावं अशी: गल्फच्या रंगातली पोर्शे ९१७, काळी-सोनेरी लोटस ७२, नारिंगी-हिरवी माझदा ७८७बी आणि हिरवी जॉर्डन १९१. पोराची नजर चांगली आहे. मी त्याला म्हटलं, आधी एक काम कर. चारही गाड्यांचे फोटो फोनवर ब्लॅक अँड व्हाइट कर आणि मग बघ. रंग गेल्यावर काय उरतं ते कळलं, की आपण गाडीच्या प्रेमात आहोत की तिच्या कपड्यांच्या, ते समजतं. कपड्यांच्या प्रेमात असायलाही हरकत नाही. फक्त पैसे कशाचे देतोय ते ठाऊक असावं.

गल्फ ९१७: रंगाची राणी

आकाशी निळ्यावर नारिंगी पट्टा. शर्यतींशी काडीचा संबंध नसलेल्या माणसानेही हा जोड कुठेतरी पाहिलेला असतो, निदान घड्याळावर किंवा टी-शर्टवर. गंमत म्हणजे गल्फ या अमेरिकन तेल कंपनीचा स्वतःचा निळा गडद होता. तिने विल्शायर नावाची दुसरी तेल कंपनी विकत घेतली, आणि हा फिका निळा आणि नारिंगी तिथून आला. जॉन वायर यांच्या संघाने तो आधी फोर्ड जीटी४० वर चढवला. १९६८ आणि १९६९ अशी दोन्ही वर्षं ल मान्सची २४ तासांची शर्यत त्याच रंगाने जिंकली, आणि तीसुद्धा १०७५ क्रमांकाच्या एकाच चॅसीने, म्हणजे एकाच गाडीने. १९७० मध्ये वायर पोर्शेकडे गेले तेव्हा रंगही सोबत घेऊन गेले.

९१७ चा आकार मात्र सहजासहजी मिळालेला नाही. १९६९ मध्ये ती आली तेव्हा साडेचार लिटरचं, बारा सिलिंडरचं इंजिन होतं आणि वेग भन्नाट होता, पण सरळ रस्त्यावरही गाडी अशी भिरभिरायची की कसलेले ड्रायव्हर तिच्यात बसायला कचरायचे. त्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियातल्या झेल्टवेगला चाचण्या चालल्या होत्या. वायर यांचे इंजिनीअर जॉन हॉर्समन उभ्या गाडीकडे बघत होते. पुढचा सगळा पत्रा मेलेल्या चिलटांनी माखलेला, आणि मागचं शेपूट स्वच्छ! म्हणजे शेपटापर्यंत हवा पोचतच नव्हती, वरच्या वर निघून जात होती. मग तिथेच अॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून शेपूट आखूड केलं, वर उचललं, आणि गाडी एकदम माणसात आली. आज आपण ज्या उचललेल्या पार्श्वभागाला ‘काय सुंदर’ म्हणतो, तो चिलटांनी सुचवलेला आहे. ९१७के मधला ‘के’ म्हणजे जर्मन भाषेतलं आखूड शेपूट.

आता ब्लॅक अँड व्हाइट करून बघ. निळा आणि नारिंगी हे एकमेकांचे कट्टर विरोधक, म्हणून रंगीत फोटोत ते भांडतात आणि डोळा तिथेच अडकतो. पण दोन्हींचा उजळपणा फारसा वेगळा नाही. रंग काढला की पट्टा अर्धा विरघळतो आणि उरते एक रुंद, गुबगुबीत, फुगीर चाकघरांची गाडी. देखणी आहेच, पण काळजाचा ठोका चुकत नाही.

आणि एक बातमी, जी बऱ्याच जणांना पटत नाही. गल्फच्या रंगातली ९१७ ल मान्स कधीच जिंकलेली नाही. १९७० मध्ये वायर यांच्या तिन्ही गाड्या बाद झाल्या. आघाडीवर असताना योझेफ सिफर्टचा गिअर चुकला आणि इंजिन गेलं. पोर्शेला तिथलं पहिलं जेतेपद मिळवून दिलं ते लाल-पांढऱ्या ९१७ ने, आणि पुढच्या वर्षी मार्टिनी या मद्य कंपनीच्या पट्ट्यांच्या पांढऱ्या ९१७ ने. गल्फवाली दुसरी आली. तरी लोकांच्या लक्षात राहिली निळी, कारण १९७१ च्या एका हॉलिवूडपटात नायक हीच गाडी चालवतो. अर्थात पेद्रो रॉड्रिगेझने १९७० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचच्या धो धो पावसात हिच्यातच सगळ्यांना पाच लॅप मागे टाकलं होतं, तेव्हा कर्तृत्व नाही असं कुणी म्हणू नये.

लोटस ७२: एकच अंग, दोन पोशाख

निवड करणाऱ्यासाठी ही गाडी म्हणजे आयतं उदाहरण, कारण एकच गाडी दोन वेषांत धावली. १९६८ पर्यंत फॉर्म्युला वनमध्ये देशाचा रंग चाले: इटली लाल, ब्रिटन हिरवा, फ्रान्स निळा. त्या वर्षी जाहिरातींना दार उघडलं आणि लोटसने लगोलग ब्रिटिश हिरवा उतरवून सिगारेटच्या पाकिटाचा लाल-पांढरा-सोनेरी चढवला. १९७० मध्ये कॉलिन चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी ७२ आणली तीही त्याच रंगात. तोवरच्या गाड्या चिरुटासारख्या गोल, नाकात रेडिएटर. यांनी रेडिएटर काढून दोन्ही बाजूंना बसवले, त्यामुळे नाक लाकूड फोडायच्या पाचरीसारखं चपटं, धारदार करता आलं.

लाल-पांढऱ्या रंगात ही पाचर नीट दिसतच नाही. रंगाच्या सीमा एकीकडे, पत्र्याच्या कडा दुसरीकडे. १९७२ मध्ये जॉन प्लेयर स्पेशल (जेपीएस) या दुसऱ्या सिगारेटच्या रंगात तीच गाडी काळी झाली, कडेकडेने केसासारखी सोनेरी रेघ आली, आणि जणू कुणीतरी पेन्सिलने आकार गिरवून दाखवला. पैठणीचा काठ पदराला जसा उठाव देतो, तसं. लोटसचा ड्रायव्हर एमर्सन फिटिपाल्डीने त्या वर्षी पाच शर्यती जिंकून पंचविसाव्या वर्षी जगज्जेतेपद मिळवलं, आणि तेव्हा तो सर्वांत तरुण विजेता होता. ब्लॅक अँड व्हाइट केलं तर हिचं काहीही बिघडत नाही. मुळात ती जवळपास तशीच आहे.

मग हीच घे असं का सांगत नाही? दोन अडचणी. एक, तंबाखूच्या जाहिरातींवर निर्बंध आल्यापासून बरीच मॉडेल्स अक्षरांशिवायच मिळतात. नुसती काळी गाडी, सोनेरी रेघा आणि मधे मोकळी जागा. अक्षरांचे डिकॅल वेगळे शोधायचे, कात्रीने कापायचे, पाण्यात भिजवून चिमट्याने बसवायचे. मी एकदा केलंय. ‘स्पेशल’मधलं एक अक्षर वाकडं बसलं, आणि गेली कित्येक वर्षं मला त्या गाडीत तेवढं एकच अक्षर दिसतं.

दुसरी अडचण घोडबंदर रोडची. चकचकीत काळ्यावर धूळ दोन दिवसांत दिसते, काचेचं दार असलं तरी. पुसायला गेलास तर बोटांचे ठसे. घरात मेकअपचा मऊ ब्रश असेल तर तो मागून घे, आणि पुन्हा परत द्यायचा नाही हे आधीच कबूल करून घे.

माझदा ७८७बी: स्वेटरवरचे शंकरपाळे

हिचं थोडक्यात. १९९१ ची ल मान्स विजेती, ५५ नंबर. कुठल्याही जपानी कंपनीचा तिथला पहिला विजय, आणि पिस्टन नसलेल्या इंजिनाचा आजवरचा एकमेव. चार रोटरचं ते इंजिन ओरडायचं असं की व्हिडिओ कधी हेडफोन लावून ऐक, शेजारी तक्रार करतील इतका आवाज ठेवू नकोस. शेवटचा टप्पा चालवणारा जॉनी हर्बर्ट गाडीतून उतरताच कोसळला, विजेत्यांच्या मंचावर उभा राहूच शकला नाही.

रंग रेनाउन या जपानी कपड्यांच्या कंपनीचे. स्वेटरवर शंकरपाळ्यांची नक्षी असते ना, तीच नारिंगी आणि हिरव्यात मोठी करून गाडीवर पसरलेली, मधून पांढऱ्या रेघा. कागदावर वाचलं तर लग्नाच्या बँडचा गणवेश वाटेल. प्रत्यक्षात मजा येते, कारण नक्षी गाडीच्या कडा जुमानतच नाही, कापड टाकावं तशी अंगावर पडलीये.

पण कसोटी लाव. रंग काढल्यावर उरते त्या काळातली एक साधारण ल मान्सची गाडी: लांब, चपटी, मागे रुंद पंख. त्याच शर्यतीतल्या माझदाच्या निळ्या-पांढऱ्या गाड्या कुणाला आठवतात? सगळं कर्तृत्व कपड्यांचं. घरात लहान मूल असेल तर मात्र हीच घे, मुलं डोळे झाकून हिच्याकडेच बोट दाखवतात. शिवाय चारांत सगळ्यात लांब असल्याने तुझा खण हीच नीट भरेल.

जॉर्डन १९१: जिला रंगाची गरज नव्हती

एडी जॉर्डन यांचा संघ १९९१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये आला तो पैशांची चणचण सोबत घेऊन. गॅरी अँडरसन यांनी मोजक्या माणसांना हाताशी धरून गाडी आखली. तिचं नाव आधी ९११ ठरलं होतं. पोर्शेने हरकत घेतली म्हणून आकडे फिरवून १९१ केलं.

हिला बाजूने बघ. नाक किंचित उचललेलं, पुढची विंग नाकापासून दोन्हीकडे खाली झुकलेली, घारीने पंख टाकावेत तशी. तिथून एकच रेघ निघते ती ड्रायव्हरच्या खांद्यावरून, इंजिनावरून मागे उतरत जाते, मधे कुठेही अडखळत नाही. आजच्या गाड्यांवर इतके पंख, पडदे, कंगोरे असतात की हात लावायला भीती वाटावी. हिच्यावर हात फिरवावासा वाटतो. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चारांत हीच सगळ्यात सुंदर दिसते, आणि हे मी अनेकदा करून पाहिलंय.

त्यावर हिरवा. पोपटीच्या अलीकडचा आणि बाटलीच्या हिरव्याच्या पलीकडचा. एडी आयर्लंडचे, त्यामुळे हिरवा घरचाच. सेव्हन-अप हिरवं आणि फुजीफिल्मही हिरवी, तेव्हा प्रायोजकांत रंगावरून भांडण नाही. खालच्या बाजूला निळा. बाकी गाड्यांवर जाहिराती चिकटवल्यासारख्या दिसतात, इथे त्या गाडीबरोबरच जन्मल्यासारख्या वाटतात. पहिल्याच वर्षी १३ गुण आणि संघांच्या यादीत पाचवा क्रमांक.

हिच्या मागे एक गोष्ट आहे जी थेट माझदाला जाऊन मिळते. ३२ नंबरची जॉर्डन चालवायचा बर्ट्रांड गाशो. जूनमध्ये त्याने माझदातून ल मान्स जिंकली. ऑगस्टमध्ये हंगेरीत जॉर्डनमधून सर्वांत वेगवान लॅप मारली. आणि त्याच महिन्यात लंडनच्या टॅक्सीवाल्यावर अश्रुधुराचा फवारा मारल्याच्या गुन्ह्यात त्याला तुरुंगवास झाला. बेल्जियमच्या स्पा सर्किटसाठी त्याची सीट रिकामी झाली, तिथे एका नवख्या जर्मन पोराला बसवलं. तो सातव्या क्रमांकावरून सुटला, पहिल्याच लॅपमध्ये क्लच गेला, आणि पुढच्या शर्यतीला दुसऱ्या संघात होता. तो मायकेल शूमाकर.

आपलं नातंही याच संघाशी आहे. २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरला तो जॉर्डनमधूनच, तेव्हा गाडी पिवळी होती. पुढे संघ हातोहात विकला जात २००८ मध्ये फोर्स इंडिया झाला आणि नंतर गाडीवर केशरी-पांढरा-हिरवा आला. तिरंगा म्हणून ऊर भरून यायचा, रंगसंगती म्हणून बेतास बात. देशाचा झेंडा गाडीवर उतरवणं वाटतं तितकं सोपं नाही.

यादीत नसलेली

फेरारी ३३० पी४ का नाही, असं मी विचारलं. "मामा, लाल सगळ्यांकडे असते." बरोबर आहे, पण १९६७ च्या या गाडीवर जाहिरात नाही, पट्टा नाही, फक्त लाल आणि नंबरचा पांढरा गोल. त्या वर्षी अमेरिकेतल्या डेटोनाला फेरारीच्या तीन गाड्या पहिल्या तीन क्रमांकांवर शेजारी शेजारी रेघ ओलांडत आल्या, त्यांत पी४ही होती. कसोटी लावायचं कामच नाही. पण ज्याने यादी केली त्याच्या यादीचा मान ठेवावा.

मग घ्यायचं काय

खण सोफ्यापासून लांब असेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने ‘वा!’ म्हणावं अशी इच्छा असेल तर गल्फ. दहा फुटांवरून तिला तोड नाही. कपाटाजवळ खुर्ची ओढून बसणार असशील आणि धूळ पुसायचा कंटाळा नसेल तर लोटस, पण अक्षरं छापलेलीच शोध, वाट बघावी लागली तरी.

दारं-बॉनेट उघडून बघायची हौस असेल तर डायकास्ट, म्हणजे धातूचं ओतीव मॉडेल घे. रेझिनची मॉडेल्स रेखीव असतात, पण बहुतेक उघडत नाहीत. कुठलीही घे, खणात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाक. माझ्या एका मॉडेलचे डिकॅल चार पावसाळ्यांत पिवळे पडून पापडासारखे सुटले.

मला विचारशील तर जॉर्डन. बाजारात ३२ नंबर दोन नावांनी मिळतो. शूमाकरवाल्याला मागणी जास्त, त्यामुळे भावही साधारण चढाच. गाडी तीच, आकार तोच, हिरवाही तोच, फरक काय तो हेल्मेटचा. तू गाशोवाली घे. कुणी विचारलंच की हा कोण, तर सांगायला माझदाचीही गोष्ट हाताशी असेल.