विजेवर रंग बदलणारा स्वस्त पॉलिमर: पॉलिॲनिलीन की पेडॉट?

एमएस्सीच्या प्रकल्पात रंग बदलणारी काच करायची ठरली की गाडी बहुधा पॉलिॲनिलीन आणि पेडॉट या दोन वीजवाहक पॉलिमरांपाशी (लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थांपाशी) अडते. माझं मत आधीच सांगतो: शिकायला पॉलिॲनिलीन, वस्तू बनवायला पेडॉट.

पॉलिॲनिलीन ज्यापासून होतं ते ॲनिलीन म्हणजे रंगांच्या कारखान्यांतलं जुनं, स्वस्त रसायन. सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ते मिसळायचं, विद्युतवाहक काच बुडवायची आणि व्होल्टेज खाली-वर करत राहायचं. काचेवर हिरवा थर धरतो. व्होल्टेज उतरवलं की तो फिकट पिवळा, जवळजवळ पारदर्शक होतो. बरंच चढवलं की निळा-जांभळा. रेणूतले इलेक्ट्रॉन काढले-घातले की त्याचं प्रकाश शोषणं बदलतं, हे इतकं ढळढळीत दुसरीकडे क्वचितच दिसतं. मात्र त्याला आम्ल लागतंच, आणि निळ्याच्या मोहात व्होल्टेज वाढवत नेलं की थर कायमचा बिघडतो. शिवाय ॲनिलीन विषारी आहे, कातडीतूनही शरीरात जातं. फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढणारं कपाट) नसेल तर या वाटेला जाऊच नका.

पेडॉट १९८०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या बायर कंपनीत तयार झालं. पीएसएस (पॉलिस्टायरीन सल्फोनेट) या दुसऱ्या पॉलिमरसोबत ते पाण्यात मिसळलेलं, तयार मिळतं. थर द्यायचा आणि वाळवायचा. गडद निळ्यापासून फिकट आकाशीपर्यंत, एवढाच त्याचा पल्ला. पूर्ण रंगहीन ते होत नाही. पीएसएस ओलावा ओढतं, म्हणून कडा नीट बंद करा. पण आम्लाशिवाय चालतं, आणि रंगाची ये-जा पॉलिॲनिलीनपेक्षा जास्त वेळा सोसतं.

पेडॉट महाग म्हणून बिचकू नका. थर नॅनोमीटरमध्ये मोजायचा, त्याला माल लागतो किती? खिसा रिकामा करते ती इंडियम टिन ऑक्साइडचा वीजवाहक लेप दिलेली काच. पॉलिॲनिलीनला फ्लोरिनयुक्त टिन ऑक्साइडची काच घ्या. ती स्वस्त पडते, आम्लातही टिकते. पेडॉटमध्ये तर थोडं इथिलीन ग्लायकॉल घातलं की त्याची वाहकता इतकी वाढते की प्लॅस्टिकच्या फिल्मवर तेच इलेक्ट्रोडचं काम करू शकतं. माझं पारडं इथेच झुकलं.

विजेवर रंग बदलणारं, पण पॉलिमर नसलेलं टंगस्टन ऑक्साइडही आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्याचे थर फवारणीने बनवण्यावर बरंच काम झालंय. पण तिथे काच चांगली तापवावी लागते, प्लॅस्टिक टिकत नाही.

हात बसला की दोन्ही पॉलिमर एकाच सेलमध्ये (दोन काचा आणि मध्ये वीज वाहणारं द्रावण) समोरासमोर लावून बघा. पेडॉट इलेक्ट्रॉन मिळाले की गडद होतं, पॉलिॲनिलीन इलेक्ट्रॉन गेले की. त्यामुळे दोन्ही बाजू एकदम गडद होतात, एकदम उजळतात.