कॅलप्रोटेक्टिन टेस्ट: आठ महिने, पाच रिपोर्ट आणि बिनचमच्याची डबी

आधी डबीबद्दल. अडीच हजार रुपये घेणारी लॅब स्टूलच्या नमुन्यासाठी झाकणाला चमचा नसलेली डबी देते, हे मला अजून पचलेलं नाही. पहिल्या खेपेला बायकोने आइस्क्रीमचा लाकडी चमचा शोधून दिला. मी इमानेइतबारे डबी काठोकाठ भरून नेली, तर काउंटरवरची मुलगी म्हणते, "काका, शेंगदाण्याएवढं पुरलं असतं." मग आधी सांगायचं ना!

टेस्ट तुम्हाला माहीत असेलच. आतड्याला सूज आली की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात, आणि त्यांच्या पोटातलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन स्टूलमध्ये उतरतं. प्रथिन चिवट, एक-दोन दिवस बाहेरही टिकतं, त्यामुळे फ्रीजवरून घरात भांडण नको. एका ग्रॅम स्टूलमध्ये ५० मायक्रोग्रॅमच्या आत नॉर्मल धरतात. माझं आलं ४१२.

डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "गुडघ्यासाठी काही घेता का?" घेत होतो, डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी, रोज. त्यानेही आकडा चढतो म्हणे. गोळी बंद केली, महिन्याने पुन्हा अडीच हजार: ३८०. तेव्हा मी वैतागलोच. क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा जुनाट आजार) असो, आतड्याचा टीबी असो, नाहीतर साधं इन्फेक्शन, आकडा वरच. पेशी जमल्यात एवढं कळतं. कशासाठी जमल्यात ते नाही. शेवटी कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून मोठं आतडं आतून बघणं, झालीच. आतड्याचा तुकडा तपासला तेव्हा कळलं, टीबी नाही, अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची जुनाट सूज.

मत बदललं ते नंतर. त्यावरचं औषध, मेसालामाइन, सुरू होऊन तीन महिने झाले, पोट शांत होतं, पण आतून काय चाललंय ते कसं कळणार? तिसरी टेस्ट: ९६. "चालेल, सध्या नळी नको," डॉक्टर म्हणाले. आदल्या रात्री संडासात बसून जुलाबाचं ते खारट पाणी पिणं ज्याने केलंय, त्याला या वाक्याची किंमत कळेल. अडीच हजार माफ.

चौथ्या वेळी माझी काटकसर नडली. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये सातशे रुपये कमी होते. रिपोर्ट २३५! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. डॉक्टर वैतागले, "किट वेगळं की आकडा वेगळा. दरवेळी एकाच लॅबमध्ये करा, किती वेळा सांगायचं?" परत जुन्या लॅबमध्ये: ८८. सातशे वाचवायला अडीच हजार घातले.

त्या कोपऱ्यावरच्या लॅबच्या डबीला मात्र चमचा होता.