एकट्या राहणाऱ्या आईसाठी घराची सुरक्षा: कॅमेरा, बटण, सेन्सर की स्मार्ट कुलूप?

वडील गेलेले, मुलं परगावी किंवा परदेशी, आणि आई पुण्यातल्या जुन्या सोसायटीत एकटी. अशा घरासाठी ‘काहीतरी सिक्युरिटी बसवून टाकू’ म्हणून दुकानात गेलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती कॅमेरे लावायचे? चार कॅमेरे, रेकॉर्डर, हार्ड डिस्क, फिटिंगसकट अमुक इतके, असं कोटेशन हातात पडतं. हा सगळा बंदोबस्त चोरासाठी असतो. सत्तरी ओलांडलेल्या एकट्या माणसाच्या घरी मला चोरापेक्षा जास्त धास्ती वाटते ती बाथरूममध्ये पाय घसरण्याची, पहाटे उठताना चक्कर येण्याची, गॅस चालू राहून जाण्याची. आणि नेमकी तेव्हाच घराची मजबुती अंगाशी येते. सेफ्टी डोअर आतून बंद, मुख्य दाराला वर-खाली कड्या, साखळी घातलेली, आणि शेजारी बाहेर उभे राहून बेल वाजवताहेत.

म्हणून आईच्या घरासाठी बघताना मी प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न विचारले. काही झालं तर कळणार कोणाला? आणि तो माणूस आत शिरणार कसा? चोर, भामटे, दारावर येणारे अनोळखी लोक यांचा विचार त्यानंतर केला.

आधी दार

बहुतेक जण दाराचा विचार शेवटी करतात. माझ्या मते पहिला पैसा इथे घालावा. साधं चांगल्या प्रतीचं नाइट लॅच बाहेरून किल्लीनं उघडतं, म्हणजे शेजारच्या काकूंकडे एक किल्ली ठेवली की प्रश्न सुटला, असं वाटतं. पण रात्री झोपताना आई सवयीनं वरची कडी लावते, आणि मग ती किल्ली असून नसल्यासारखी. शिवाय पुष्कळशा लॅचना आतून खटका असतो. तो सरकवला की बाहेरची किल्ली फिरतच नाही. घेण्याआधी दुकानातच खटका लावून, पलीकडच्या बाजूनं किल्ली घालून बघा.

कडी सोडायला सांगितली की आई म्हणणार, मग मला झोप कशी लागेल? तिची भीती खरी आहे, तिला उडवून लावू नये. कडीच्या जागी बाहेरून किल्लीनं उघडणारं दुसरं कुलूप दारात बसवून द्यावं. दोन कुलपं आहेत म्हटल्यावर तिला धीर येतो आणि शेजारच्यांकडे दोन्हींच्या किल्ल्या राहतात.

स्मार्ट कुलूप साधारण दहा ते पंचवीस हजारांत येतं. त्याचा मोठा फायदा म्हणजे किल्ली कोणाकडे ठेवायची हा पेच राहत नाही. दार वाय-फायशी जोडलेलं असेल तर तुम्ही बेंगळुरूहून शेजाऱ्यांना दार उघडायचा एका वेळेपुरता आकडा पाठवू शकता. पण दोन गोष्टी बघून घ्या. वयानुसार बोटांचे ठसे झिजतात, भांडी-धुण्यात आयुष्य गेलेल्या हातांचे तर फारच. त्यामुळे फक्त ठशावर चालणारं कुलूप घेऊ नका, आकड्यांची कळ किंवा कार्ड हवंच. दुसरं, आतून ‘डबल लॉक’ करायची सोय असेल तर तेव्हा बाहेरचा आकडा चालतो का, हे विचारा. बॅटरी संपली तर काय, याचं उत्तर चांगल्या कुलपांत असतं: साधी किल्ली, किंवा बाहेरून पॉवर बँक लावायची जागा.

आई बोटं टेकून वैतागणार असेल, तर साधं लॅच आणि दोन विश्वासू घरांत किल्ली, हे मी स्मार्ट कुलपापेक्षा वर ठेवीन.

बाथरूमची आतली कडी मात्र काढूनच टाका. बाहेरून नाण्यानं किंवा स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवता येणारं कुलूप हजाराच्या आसपास मिळतं. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा बाथरूममध्ये पडले तेव्हा घरात माणसं होती, तरीही अग्निशमन दलाच्या १०१ ला फोन करून दार तोडावं लागलं.

कॅमेरा

वाय-फायचा, मान फिरवणारा कॅमेरा दोन ते साडेतीन हजारांत मिळतो, बसवायला सोपा, फोनवर लगेच दिसतो, बोलताही येतं. दूर राहणाऱ्या मुलांना त्याचा मोह होतो. पण कॅमेरा कोणी बघत असेल तेव्हाच उपयोगाचा. दुपारी तीनला आई पडली आणि तुम्ही मीटिंगमध्ये असाल तर तो नुसतं चित्रण करत बसतो. माणूस पडल्याचं ओळखतो असं सांगणारे कॅमेरेही आहेत, पण बाथरूममध्ये आणि निजायच्या खोलीत आपण ते लावणार नाही, आणि माणसं पडतात बहुधा तिथंच.

आईच्या हॉलमध्ये आम्ही एक लावला होता. पहिल्याच आठवड्यात तिनं हॉलमधलं दुपारचं पडणं सोडलं. उन्हाळ्यात त्या घरात वारा येतो तो फक्त हॉलच्या बाल्कनीतून, आणि ती मात्र आतल्या खोलीत पंख्याखाली घामाघूम होऊन पडायची, कारण साडी सैल करून आडवं व्हायचं तर ‘कोणीतरी बघतंय’. विचारल्यावर आधी म्हणाली, असू दे, तुमच्या समाधानासाठी आहे ना. मग तो कॅमेरा आम्ही दाराबाहेर, जिन्याकडे तोंड करून लावला. तिथं तो खरोखर कामाचा आहे: कोण आलं, कामवाल्या मावशी आल्या का, औषधं पोचली का, सगळं कळतं.

आतमध्ये लावायचाच असेल तर आईला विचारून, एकाच खोलीत, आणि बंद करायचं बटण तिच्या हातात देऊन लावा. घेताना बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी बघा. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या आहेत. कंपनीनं दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, किंवा त्याच्यापुरता छोटा यूपीएस घ्या. नाहीतर वीज गेली की कॅमेरा, डोअरफोन, सेन्सर सगळे एकदम आंधळे होतात.

दाराशी फसवणुकीची भीती जास्त असेल, म्हणजे ‘मीटर बघायला आलोय’, ‘केवायसी करायचीय’ असं सांगून येणारी माणसं, तर कॅमेऱ्यापेक्षा तारेनं जोडलेला व्हिडिओ डोअरफोन चांगला. त्याला फोन लागत नाही, ॲप लागत नाही. बेल वाजली की भिंतीवरच्या पडद्यावर चेहरा दिसतो, आई आतूनच बोलते. सहा ते बारा हजारांत येतो. शक्य असेल तर दुसरा पडदा पलंगाशेजारी, बसल्या जागी हात पोचेल एवढ्या उंचीवर घ्या.

बटण, लॉकेट, घड्याळ

आणीबाणीचं बटण हा मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो, आणि सर्वांत जास्त पैसे वायाही इथेच जातात. गळ्यातलं लॉकेट देवघराच्या खिळ्यावर टांगलेलं मी कितीतरी घरांत बघितलंय. आंघोळीला जाताना काढलं ते पुन्हा घातलंच नाही. म्हणून गळ्यातल्या बटणासोबत एक बटण बाथरूमच्या भिंतीवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, आणि एक पलंगाच्या कडेला लावा. पडलेल्या माणसाचा हात तेवढाच वर जातो. नेहमीच्या स्विचच्या उंचीवर लावलेलं बटण दिसायला छान, कामाला शून्य.

ही बटणं ज्या डब्याशी बोलतात त्यात बहुधा सिमकार्ड असतं. स्वस्तातले पुष्कळ डबे फक्त टूजीवर चालतात, आणि जिओचं सिम टूजीवर चालत नाही. घरी जिओचं जास्तीचं सिम पडलंय म्हणून तेच घातलं तर डबा मुकाच राहील. फोरजी डबा घ्या. सिमचा रिचार्ज संपला तर ऐन वेळी फोन जाणार नाही, म्हणून त्याची तारीख स्वतःच्या कॅलेंडरमध्ये घाला.

घड्याळाची गोष्ट वेगळी. ॲपल वॉचमध्ये पडल्याचं ओळखण्याची सोय २०१८ पासून आहे. जोरात पडल्यावर माणूस साधारण मिनिटभर हलला नाही तर ते आपणहून आणीबाणीचा नंबर लावतं आणि घरच्यांना निरोप धाडतं. माणूस बेशुद्ध असेल तर बटण कोण दाबणार? तिथं घड्याळ सरस ठरतं. पण भिंतीला धरून हळूहळू खाली घसरलेलं त्याला कळेलच असं नाही. रोज चार्ज करावं लागतं, आणि घड्याळात स्वतःचं सेल्युलर, म्हणजे मोबाइल नेटवर्क, नसेल तर आयफोन जवळपास हवा. आधीपासून स्मार्टफोन आणि घड्याळ वापरणाऱ्या वडिलांना जरूर द्या. ज्या आईनं जन्मात घड्याळ चार्ज केलं नाही, तिला ते देऊन तुमचीच काळजी वाढेल.

आईकडे साधा बटणांचा फोन असेल तर हे ठाऊक असू द्या: २०१७ पासूनच्या नियमानुसार अशा फोनवर ५ किंवा ९ ची कळ दाबून धरली की ११२ हा आणीबाणीचा नंबर लागतो.

हालचालीचे सेन्सर

याबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं, आणि मला ते कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी सभ्य वाटतात. स्वयंपाकघरात एक हालचालीचा सेन्सर, मुख्य दाराला एक चुंबकी सेन्सर, बाथरूमच्या बाहेर एक. चित्र नाही, आवाज नाही. ॲपमध्ये एवढंच दिसतं की सव्वासहाला स्वयंपाकघरात कोणीतरी आलं, म्हणजे चहा ठेवला. आठ वाजेपर्यंत तिथं काहीच हललं नाही तर फोनवर सूचना, असं लावून ठेवता येतं. हब, म्हणजे सेन्सरना इंटरनेटशी जोडणारा डबा, धरून चार-सहा हजारांत काम होतं. सेन्सर कोपऱ्यात, सात फुटांच्या आसपास लावा. खिडकीच्या उन्हासमोर लावू नका, नाहीतर खोट्या सूचना येतात. घरात मांजर असेल तर तीही चहा ठेवेल.

याला एक मर्यादा आहे. इथं सूचना तुमच्याकडे येते, आईनं बटण दाबलेलं नसतं, म्हणजे पुढची हालचाल तुम्हालाच करायची. पुण्यात सकाळी दहा वाजता आलेली सूचना न्यू जर्सीत हिवाळ्यात रात्री साडेअकराला पोचते. फोन सायलेंटवर असेल तर संपलं. ती सूचना त्याच शहरातल्या दुसऱ्या कुणाच्या, बहिणीच्या किंवा भाच्याच्या, फोनवरही गेली पाहिजे.

इथं सगळ्यांना लागू होणारी एक गोष्ट. परदेशातून ११२ लावला तर तो पुण्यात लागत नाही, आणि हैदराबादहून लावला तर तेलंगणाच्या केंद्रात जातो. त्यामुळे आईच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याचा लँडलाइन नंबर, जवळच्या हॉस्पिटलच्या अँब्युलन्सचा थेट नंबर, दोन शेजारी आणि सोसायटीचा वॉचमन हे आधीच साठवा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या २०१० च्या नियमांत पोलीस ठाण्यानं एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि महिन्यातून एकदा भेट द्यावी, अशी तरतूद आहे. जाऊन आईचं नाव नोंदवा. फुकट आहे, आणि ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून अटकेची धमकी देत पैसे उकळणाऱ्या भामट्यांच्या, फोनला घाबरलेल्या माणसाला ओळखीचा पोलीस असणं फार मोठा आधार आहे. तसे पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० ला लगेच कळवायचं, हा नंबर मोठ्या अक्षरांत फोनशेजारी लावून ठेवा.

वर्षाची वर्गणी घेऊन हे सगळं सांभाळणाऱ्या सेवा मोठ्या शहरांत आहेत. त्यांना मी एवढंच विचारीन: रात्री दोनला बटण दाबलं तर प्रत्यक्ष कोण येणार, किती वेळात, आणि किल्ली त्यांच्याकडे असणार का? नुसता फोन उचलून तुम्हालाच कळवणार असतील, तर ते काम शेजारच्या काकू जास्त प्रेमानं करतात.

गॅस

गॅसचा डिटेक्टर दीड-दोन हजारांत येतो, पण तो कुठे लावायचा हे घरातल्या गॅसवर ठरतं. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून डिटेक्टर जमिनीपासून फूटभर वर. पाइपचा गॅस मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, म्हणून तो छताजवळ. दुकानदार दोन्हीकडे ओट्याच्या वर लावून मोकळा होतो. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे.

मग घ्यायचं काय?

सोसायटीतल्या फ्लॅटसाठी माझा क्रम: आधी लॅच, दुसरं कुलूप आणि बाथरूमचं कुलूप. मग फोरजी डब्याची तीन बटणं. मग गॅस डिटेक्टर आणि हालचालीचे सेन्सर. तारेचा डोअरफोन त्यानंतर. आतला कॅमेरा सर्वांत शेवटी, आणि आईला नको असेल तर अजिबात नाही. स्मार्ट कुलूप वगळलं तर सगळं मिळून तीस हजारांच्या आसपास बसतं.

कोकणातल्या सुट्या घरासाठी हाच क्रम चालणार नाही. तिथं पुढचं दार, पडवी, परसदार अशी तीन बाजूंनी ये-जा, आणि पावसात झाड पडलं की वीज आणि इंटरनेट दोन्ही गेलेले. जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी गावांत मोबाइलला रेंज नव्हती, तिथं ॲप काय कामाचं? अशा घरात बॅटरीवर चालणारा मोठा भोंगा घ्या आणि त्याला घरातली बटणं जोडा. सिमचा डबा जोडीला असू दे, पण भरवसा भोंग्यावर ठेवा. तो परसात शेजाऱ्यांच्या घराकडे तोंड करून बसवा, आणि तो वाजला की कोणी यायचं, किल्ली कुठे आहे, हे वाडीतल्या दोन-तीन घरांशी बोलून पक्कं करा. महिन्यातून एकदा आईला स्वतःच्या हातानं बटण दाबायला सांगा, म्हणजे भोंगा वाजतो की नाही आणि माणूस येतो की नाही, दोन्ही कळेल.